खळ लावलेली डोकी

गेल्या साली आमचे एकवीस मावळे
घामानंच गारद झाले.
शत्रू अजून आलाही नव्हता.
चित्ररथ खडेबाजाराच्या वळणावर, रात्रीचा एक,
आणि शिरस्त्राणं कानांवर वाकलेली
भिजल्या पापडासारखी.
लोक हसले. प्रज्योत रडला.
त्याच्या डोक्यावरून उचलायला गेलो
तर हातात फक्त सोनेरी कागद आला.

या साली गजू मुचंडीकर म्हणाला, मजबूत पायजे की.
मग एकेकानं अक्कल पाजळली.
उद्यमबागेतून फायबरचं रसायन आलं.
वास असा, की मांजर दोन दिवस घराकडं फिरकलं नाही.
प्लास्टरनं शिरस्त्राण झालं खरं,
पण माळावरच्या देवासारखं:
घालणाऱ्यानं बसूनच राहायचं.
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी मारली,
ती माझ्याच अंगठ्यात गेली.

समोरच्या दारात निंगव्वा कांड्या भरत होती.
तीन दिवस तिनं हे सगळं बघितलं,
चौथ्या दिवशी चरखा थांबवून म्हणाली,
सूत तरी काय असतंय रे?
खळ दिली नाही तर तेबी तुटतंय.

माळ्यावर आबांचे जकार्डचे पुठ्ठे होते.
वडगावात कॉम्प्युटरवरचं जकार्ड आलं
तेव्हा रद्दीत घालायचे राहून गेलेले,
दोरीनं ओवलेली लांबच लांब माळ,
एकेका पुठ्ठ्यावर भोकांची रांग.
आबा ती भोकं पाडायचे.
डोळा आलेखाच्या चौकटींवर, पाय पंचावर,
एका काठाला आठशे पुठ्ठे.
एक भोक चुकलं तर मोराची मान मोडते,
म्हणायचे,
आणि एकदाच नाही, साडीभर, वितीवितीला.

कापू का नको, यात माझ्या दोन रात्री गेल्या.
तिसऱ्या रात्री कात्री निंगव्वानंच चालवली.

चिंचोके भाजले, सोलले, दळले, शिजवले.
मोरचूद नको, पोरांची डोकी आहेत;
कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी घातलं.
पुठ्ठा, खळ, जुन्या साडीची पट्टी, परत खळ.
एक पट्टी उभी, एक आडवी,
उभं-आडवं नाही ते कापडच नव्हे, निंगव्वाचा कायदा.
कडेला बुट्टीवाल्याची बांबूची कांब,
आणि ती शिवायला ताण्यातलं उरलेलं सूत,
पुठ्ठ्यांच्या स्वतःच्याच भोकांतून.
फक्त टाळू उघडी ठेवली, वाऱ्याला.
ती मोजत होती वंद, एरड, मूर,
मी एक, दोन, तीन.
पुठ्ठ्याला दोन्ही येत नाही.
त्याला भोक आहे की नाही, एवढंच कळतं.

दुपारी गच्चीवर
एकवीस उपड्या मडक्यांवर एकवीस डोकी वाळत पडली.
खालून जाणारा पोस्टमन
सायकलवरून उतरून बघत राहिला.

संध्याकाळी गजू आला. काही न बोलता
त्यातलं एक घेतलं, जमिनीवर ठेवलं
आणि त्यावर बसला.
कर्र वाजलं. वाकलं नाही.
गजू उठला, धोतर झटकलं,
माझ्या मापाचं होतंय काय बघ, म्हणाला.

मिरवणुकीच्या रात्री प्रज्योतच्या हनुवटीखाली
नाडी बांधायला वाकलो.
वर हॅलोजनचा खांब.
टाळूच्या भोकांतून उजेड आत उतरला
आणि त्याच्या कपाळावर, नाकावर
ठिपक्यांच्या रांगा सांडल्या.
कुणी आता विणत नाही तो काठ.
हलू नको, म्हटलं.
काय झालं, म्हणाला.
काही नाही. थांब की जरा.

बोटानं मोजत गेलो, आबांनी शिकवलं तसं,
डावीकडून, श्वास रोखून.
तिसऱ्या रांगेत, भुवईच्या जरा वर,
एक ठिपका जास्त होता.